टीचर मायांचा तेरावा नमुना

टीचर माया आता सिंगापुरात नाहीत. गेल्या वर्षी त्या मुलीकडे पर्थला राहायला गेल्या. बुकित बातोकमधल्या ज्या बालवाडीत त्यांनी तेवीस वर्षं शिकवलं, तिथे त्यांच्या खोलीत आता दुसऱ्या बाई आहेत आणि भिंतींवर बाटिकची फुलपाखरं आहेत. त्या तेवीसपैकी शेवटची दोन वर्षं मी पाहिली, कारण माझी मुलगी इरा त्यांच्या वर्गात होती. त्यातले शेवटचे पाच महिने जरा जास्तच जवळून पाहिले. लिहायचं आहे ते त्या पाच महिन्यांबद्दल; पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं.

पूर्ण नाव माया खळदकर. मूळ गाव मिरज. इथल्या रिवाजाप्रमाणे मुलं त्यांना 'टीचर माया' म्हणत, आणि ऐकून ऐकून पालकही तेच म्हणत. उंची पाच फुटांच्या आत, केस एका पिनेत मागे गोळा केलेले, पायांत कापडी बूट, दोन्ही खांद्यांना एकेक पिशवी. वय चौसष्ट. त्यांचा फ्लॅट आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये होता. दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "उभ्या उभ्याच आलेय हं." आणि खरोखरच दीड तास उभ्या राहत. इराची आई खुर्ची पुढे करी. त्या खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवत आणि ओट्याला टेकून चहा घेत. बसथांब्यावर थांबणं त्यांना जमत नसे. बस दिसेना की पुढच्या थांब्याकडे चालायला लागत, आणि दोन थांब्यांच्या मधोमध बस त्यांना ओलांडून निघून जाई. "गेली बघा," म्हणत आणि तशाच पुढे जात. लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभं राहण्यापेक्षा आठ जिने चढत. फोनवर बोलतानाही घरभर फिरत. त्यांचा आवाज जवळ येई, लांब जाई, मधेच नळाचा आवाज येई.

दर शुक्रवारी सकाळी एक तास मात्र त्या मांडी घालून जमिनीवर बसत. तो सियापोचा तास.

सियापो म्हणजे सामोआ बेटांवरचं झाडाच्या सालीचं कापड. तुतीच्या जातीच्या झाडाची आतली साल ठोकून ठोकून पातळ करतात आणि त्यावर तपकिरी आणि काळ्या रंगांत नमुने काढतात. नमुने आसपासच्या गोष्टींचे : कोळ्याचं जाळं, फणसासारख्या झाडाचं पान, तारामासा, गोम, शंख, केळफूल. टीचर मायांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर होते आणि त्या कामासाठी सहा वर्षं दोघं आपियाला राहिली होती. शेजारी लोसा नावाची एक वयस्क बाई सियापो करायची. टीचर माया तिच्या ओसरीत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लोसा त्यांना पहिलं वाक्य म्हणाली, "बसलेल्या माणसांच्या डोक्यावर उभं राहायचं नाही." म्हणून त्या बसल्या. सहा वर्षं बसल्या. निघताना लोसाने त्यांना सांगितलं, हे मुलांना दाखव, पण कोणाचं आहे ते सांगून दाखव.

हे सगळं त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, आणि मी पूर्वी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेलं असल्यामुळे मला त्यातला शेवटचा तुकडा विशेष आवडला होता.

इथे सालीचं कापड मिळत नाही. त्या चिनी सुलेखनाचा कागद आणत, तो पाण्याचा हात लावून चुरगळत, परत उलगडत, वाळवत. तीनदा असं केलं की कागद कापडासारखा पडतो. तपकिरी रंगासाठी खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या, कोपीवाल्या अंकलकडून कॉफीचा चोथा आणत. अंकल रोज डबा भरून ठेवायचा आणि रोज विचारायचा, "टीचर, पिऊन बघायचीय की नुसतीच रंगवायचीय?" कुंचल्याऐवजी बांबूची काडी, टोक ठेचलेली. पट्टी नाही, पेन्सिल नाही, खोडरबर नाही. चार-पाच वर्षांची सोळा मुलं गोल करून बसत. हात चुकला तर टीचर माया म्हणत, "चुकला ना? आता त्याला सांभाळून घे." मूल मग चुकलेल्या रेघेच्या बाजूला आणखी रेघा मारून काहीतरी जुळवत बसे.

आणि प्रत्येक नमुना झाला की त्या तो वर धरून विचारत, "हूज इज धिस?" सोळा आवाज येत : "सामोआ पीपल! वी बॉरो!" इरा घरीही हेच करायला लागली. तिच्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर चष्मा डोक्यावर ढकलला तरी ही विचारायची, "हूज इज धिस?"

उसनं आहे हे सांगण्याबद्दल टीचर माया किती कडक होत्या, याचा एक प्रसंग मी पाहिला. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची तयारी चालली होती. सजावटीचं काम बघणारे एक गृहस्थ, बँकेत मोठ्या पदावर, त्यांना म्हणाले, "ताई, ते तुमचं वारली पाठीमागच्या पडद्यावर छान दिसेल."

"वारली नाही ते. सियापो."

"तेच हो. ट्राइबल."

"तुमच्या घराला मी चाळ म्हटलं तर चालेल?"

गृहस्थ हसले. त्यांचा बुओना व्हिस्टाला कॉन्डो होता. "तसं नाही ताई, लोकांना कुठे फरक कळतोय?"

"मग खाली पाटी लावा. सामोआचा नमुना, लोसाकडून शिकलेला. पाटी लावणार असाल तर मी काढते, रात्रीत काढून देते."

पाटी लावायला ते तयार नव्हते; गणपतीच्या पाठीमागे सामोआ कशाला, असं कमिटीचं म्हणणं पडलं. पडद्यावर शेवटी झेंडूची कागदी फुलं लागली. टीचर माया आरतीला आल्या, उभ्या उभ्या प्रसाद घेतला आणि गेल्या.

त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर तेरा नमुने लावलेले असत. लोसाने तेरा शिकवले, तेराच. चौदावा नमुना मुलांना हवा असला तरी त्या देत नसत. "माझ्याकडे तेवढेच आहेत," म्हणत.

जानेवारीत तेविता नावाचा चार वर्षांचा मुलगा वर्गात आला. त्याच्या आईचं नाव मेले; सामोअन, बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी, धिप्पाड आणि शांत. आपल्या मुलाच्या बालवाडीत, सिंगापूरच्या व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, एक मिरजेची बाई सियापो शिकवते आहे हे कळल्यावर ती पहिल्याच शुक्रवारी मुलाला सोडायला आत आली. मी इराला सोडायला आलो होतो, म्हणून पुढचं मला प्रत्यक्ष माहीत आहे. मेले भिंतीपाशी गेली आणि एकेक नमुना बोटाने दाखवत नाव घेऊ लागली. जाळं. पान. गोम. तिचा आवाज हळूहळू वर चढत होता. तेराव्यापाशी बोट थांबलं.

"हा मला माहीत नाही."

टीचर माया म्हणाल्या, "पावलांचा आहे."

"असं?" मेलेने मान कलती करून पाहिलं. "कदाचित दुसऱ्या बेटावरचा असेल."

"कदाचित," टीचर माया म्हणाल्या.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, त्या आमच्याकडे आल्या. उभ्या उभ्या आले असंही म्हणाल्या नाहीत. "इराचे बाबा, इरानं काढलेला तो पावलांचा नमुना आहे का घरात?" फ्रिजवर लावलेलाच होता. त्यांनी तो काढून ओट्यावर ठेवला, डब्यातून चिमूटभर तांदळाचं पीठ घेतलं आणि त्याच्या शेजारी, ग्रॅनाइटवर, चिमटीतून सोडत एक आकृती काढली. समोरासमोर दोन लांबट अर्धगोल, एका टोकाला निमुळते, मधे फट, खाली दोन ठिपके.

दोन्ही आकृत्या एकच होत्या.

"गोपद्म," इराची आई म्हणाली.

"तेहतीस काढायचो रोज. चातुर्मासात. आई उठवायची आणि तुळशीपुढे बसवायची. गाईचं पाऊल." त्यांनी पीठ तळहाताने पुसलं, परत चिमूट घेतली, परत काढलं. "इथल्या पहिल्या वर्षी तेरावा आठवेना. पावलांचा होता एवढंच डोक्यात. मुलं समोर बसलेली. हाताला जे पाऊल माहीत होतं ते हातानं काढलं. मी म्हटलं, रात्री आठवून बघू, उद्या बदलू. मग राहिलं. पुढच्या वर्षी भिंतीवर होताच, तो बघूनच शिकवला. तिसऱ्या वर्षापासून मला तो लोसानं हात धरून शिकवल्याचं आठवायला लागलं. खरं सांगते. तिची ओसरी, तिचा हात, सगळं आठवतं मला त्या नमुन्याबरोबर. आणि ते झालेलंच नाही."

डेस्कवर असताना मी हे पाहिलेलं आहे. एखादा चुकीचा तपशील एकदा छापला जातो. पुढच्या वेळी वार्ताहर जुनं कात्रण काढून त्यातून उचलतो. तिसऱ्या वेळी तो संदर्भ होतो. पण एकाच माणसाच्या आत हे होताना पाहिलं नव्हतं. गोपद्म मीही लहानपणापासून पाहिलेलं. ते वर्षभर आमच्या फ्रिजवर होतं आणि मला ओळखता आलं नव्हतं.

"तुम्ही पेपरात होतात. तुमच्यात चूक झाली की काय करतात?"

"दुरुस्ती छापतात. लहान टायपात, आतल्या पानावर."

"लिहून द्या मला."

मी लिहून दिलं. 'सियापो विभागातील एक नमुना अनवधानाने समाविष्ट झाला असून तो सामोअन परंपरेतील नाही, याची कृपया नोंद घ्यावी.' त्यांनी वाचलं. "असा कसा झाला? मी काढलाय तो. तेवीस वर्षं." कागद माझ्याकडे परत सरकवला. दुसऱ्यांदा जे लिहिलं ते त्यांनीच सांगितलं : 'हा नमुना मी मुलांना सामोआचा म्हणून शिकवला. तो सामोआचा नाही. महाराष्ट्रातलं गोपद्म आहे. लोसाने हा मला शिकवला नव्हता. चूक माझी. माया खळदकर.'

सोमवारी तो कागद घेऊन त्या प्रिन्सिपल मिसेस लिम यांच्याकडे गेल्या. तिथे काय झालं ते मी दोघींकडूनही ऐकलं आणि दोघींचं सांगणं जुळत होतं. मिसेस लिम यांनी कागद वाचला आणि उलटा ठेवला.

"टीचर माया, मुलं चार वर्षांची, पाच वर्षांची. कोणाला कळणार आहे लाह?"

"मेलेला कळलं."

"तिला वेगळं सांगू. तुम्ही ही नोटीस पालकांना पाठवली, तर पालक दुसऱ्या दिवशी विचारणार, बाकीचे बारा खरे कशावरून? मी काय सांगू?"

 टीचर माया खोलीत फेऱ्या घालायला लागल्या, असं मिसेस लिम यांनी मला सांगितलं. शेवटी पर्याय दोन निघाले. भिंतीवरचा तेरावा नमुना गुपचूप काढून टाकायचा, बारा ठेवायचे, शुक्रवारचा तास चालू ठेवायचा. किंवा नोटीस पाठवायची आणि या टर्मच्या शेवटी सियापो बंद करायचं. मिसेस लिम वाईट बाई नव्हत्या. हा तास टिकावा असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी आठवडाभर विचार करायला सांगितलं.

टीचर मायांनी विचार केला की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये मेलेला जेवायला बोलावलं आहे, तुम्हीही या, असा त्यांचा मेसेज आला. बोलताना कोणी ओळखीचं असावं म्हणून, असं पुढे लिहिलं होतं.

मेले फिश सूप घेऊन बसली होती. टीचर माया टेबलाच्या कडेला धरून उभ्या.

"बसा," मेले म्हणाली. त्या बसल्या आणि सगळं सांगितलं. चातुर्मास, तेहतीस, गाय.

गाय हा शब्द ऐकल्यावर मेले हसायला लागली. हसणं थांबेना, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. "गाय! माझा तेविता घरी येऊन माझ्या आईला फोनवर गाईचं पाऊल दाखवत होता आणि ती बिचारी चष्मा शोधत होती!" मग डोळे पुसले आणि चमचा खाली ठेवला. "गाईचं मला काही नाही. तुम्ही विसरलात, माणसं विसरतात. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही 'कदाचित' म्हणालात."

"हो."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"तुम्ही बोट ठेवलंत त्या क्षणी कळलं."

"मग तुमची गाय तुम्ही आमच्या एका म्हातारीच्या नावावर खपवलीत. ती आता आहे का?"

"नाही. गेली."

"म्हणजे नाही म्हणायलाही ती येणार नाही." मेलेने सूप बाजूला सारलं. "ज्यांना शिकवलंत त्यांना सांगा. मग माझ्याकडे या. खरा तेरावा कोणता ते मला माहीत आहे, पण आता नाही सांगणार."

नोटीस शुक्रवारी गेली. मिसेस लिम म्हणाल्या होत्या तसंच झालं. सहा पालकांनी विचारलं, बाकीचे बारा खरे कशावरून. टर्मच्या शेवटी सियापो बंद होणार हे ठरलं.

चालू वर्गाला सांगणं सोपं होतं. टीचर मायांनी मुलांना गोल करून बसवलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगितलं." तेविताने विचारलं, "ऑन पर्पज ऑर ॲक्सिडेंट?" त्या म्हणाल्या, "आधी ॲक्सिडेंट. मग एक दिवस ऑन पर्पज." मुलांनी यावर बरीच चर्चा केली आणि एक दिवस खेळायला न जाण्याची शिक्षा सुचवली. ती त्यांनी भोगली. मुलं खेळाच्या जागेत होती आणि त्या खिडकीशी, आतल्या बाजूला, येरझाऱ्या घालत होत्या.

जुनी मुलं हा वेगळा प्रश्न होता. त्यांच्याकडे दरवर्षीचा वर्गाचा फोटो होता, मागे नावं लिहिलेली. पत्ते बालवाडीकडून मागायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. कोपीवाल्या अंकलला अर्ध्या वस्तीची माहिती होती. कोण कुठे राहायला गेलं, कोणाची आई अजून इथेच आहे, हे तो सांगे. शनिवार-रविवार त्या निघत. चार वेळा मी बरोबर गेलो. सोबत म्हणून जात होतो, असं मी घरी सांगत असे.

एक कुलकर्णी, बुकित बातोकमधलेच. मुलगा तेरा वर्षांचा, बाबा फायनान्समध्ये. सगळं ऐकून बाबा म्हणाले, "अहो ताई, एवढं काय त्यात? उलट बरंच झालं. आमच्या चिरंजीवांना मराठीतली एक तरी गोष्ट येते म्हणायची."

"मग ती मराठीतली म्हणून येऊ दे ना!" टीचर माया दारातच ओरडल्या. "त्याला आत्ता विचारा, हे कोणाचं? सामोआचं म्हणेल. त्याचंच आहे आणि त्याला परक्याचं म्हणून शिकवलंय मी. दोन्हीकडून वाट लावली."

मुलगा फोनमधून डोकं वर काढून म्हणाला, "सो आय फेल्ड, इज इट?"

एका दारावर लोखंडी जाळी उघडलीच नाही. आतून एक बाई म्हणाली, "नो नीड, नो नीड, ऑलरेडी हॅव इन्शुरन्स." टीचर मायांनी जाळीतून सगळी दुरुस्ती सांगितली, सावकाश, पूर्ण. बाई ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "माय सन इन कॅनडा नाउ." टीचर माया म्हणाल्या, "प्लीज टेल हिम." बाईने विचारलं, "टेल हिम काउ?" "येस. काउ." जाळीमागचं दार हळूच लागलं. आतून ती कोणाला तरी काहीतरी सांगत असल्याचा आवाज येत होता.

हौगांगला हुई शान राहत होती. अठ्ठावीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात काम करते. टीचर मायांच्या इथल्या अगदी पहिल्या वर्गातली. तेराव्या नमुन्याच्या जागी गोपद्म पहिल्यांदा निघालं तेव्हा समोर बसलेल्या सोळांपैकी एक. तिने दार उघडलं, "टीचर!" म्हणून मिठी मारली आणि काही बोलायच्या आत स्वतःहून डावा पाय पुढे केला. घोट्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, दोन इंचांचं गोपद्म. गोंदलेलं. रेघ स्वच्छ, दोन ठिपकेसुद्धा.

"बाबा गेले तेव्हा करून घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना, आपल्या आधी जे चालून गेले त्यांचं पाऊल. सामोआचं."

 मी टीचर मायांकडे पाहिलं. त्या पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवसातलं सगळ्यात लहान सांगणं ते होतं, तीन-चार वाक्यांचं. हुई शान आपल्या घोट्याकडे बघत राहिली.

"मग हे काय आहे?"

"गाय. गाईचं पाऊल. आमच्याकडचं."

ती वळून आत ओरडली, "मा! इट्स अ काउ!"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "सो? यू बॉर्न ऑक्स इयर, व्हॉट!"

हुई शान हसायला लागली. टीचर माया हसल्या नाहीत. "हे पुसता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"मला पुसायचंच नाहीय, टीचर. पण लोक विचारतात. इतकी वर्षं मी सामोआ सांगतेय, आता नीट सांगते. नाव काय म्हणालात?"

"गोपद्म."

तिने फोन काढला. "हळू सांगा."

टीचर मायांनी तीन वेळा सांगितलं. हुई शानने टाइप केलं, म्हणून दाखवलं, उच्चार चुकला, परत म्हटलं. मग विचारलं, "काढतात कोण? बायका? कशाने? का?" दारात उभ्या उभ्याच त्यांनी तिला चातुर्मास समजावून सांगायला सुरुवात केली, आणि मी पाहिलं की त्यांना बरंचसं सांगता येत नव्हतं. तेहतीसच का, हे त्यांना माहीत नव्हतं. "विचारून सांगते," त्या म्हणाल्या. परतीच्या एमआरटीत गाडी रिकामी होती. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या आणि फोनवर मिरजेच्या चुलतबहिणीला विचारत राहिल्या.

फोटोंमागच्या नावांपैकी निम्म्याहून कमी माणसं सापडली. जी सापडली नाहीत त्यांची यादी त्यांनी मेलेला दिली. मेलेने ती पूर्ण वाचली. "येत्या रविवारी सुंगेई बुलोहला या," म्हणाली. "ओहोटीच्या वेळी. मुलांना आणा."

सुंगेई बुलोह म्हणजे उत्तरेकडची दलदल, क्रांजीहून बस जाते. मेले, तेविता, टीचर माया, इरा आणि मी. थंडीत उत्तरेतून पक्षी इथे उतरतात, हे मला ऐकून माहीत होतं. लाकडी पुलावरून चालत आम्ही पक्षी बघायच्या झोपडीत पोचलो. समोर चिखल, आणि चिखलात लांब पायांचे, पाठीवर सोनेरी ठिपक्यांचे पक्षी पळत होते, थांबत होते, परत पळत होते.

"तुली," मेले म्हणाली. "आमच्याकडेही हाच येतो. तेरावा तो. त्याचं पाऊल."

टीचर मायांनी दुर्बीण घेतली. पाऊल झोपडीच्या अगदी खालच्या चिखलात उमटलेलं होतं, पण कठड्यापलीकडे जायची सोय नाही. भरती सुरू झालेली. पाणी ओळीतल्या पहिल्या ठशांपर्यंत आलं होतं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि काढायला लागल्या. मेलेने वहीकडे पाहिलं आणि पेनाने एक रेघ खोडली.

"मागे बोट नाही."

"पक्ष्याला मागे बोट असतं."

"कोंबडीला. बघा परत."

त्यांनी परत पाहिलं. तीन बोटं, तिन्ही पुढे. परत काढलं. मेले म्हणाली, मधलं लांब आहे. परत काढलं. पाणी दुसऱ्या ठशात शिरलं, तिसऱ्यात शिरलं. चौथ्या पानावर मेलेने पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"आता हा माझ्या मुलाला शिकवा," ती म्हणाली.

तेविता बाहेर पुलावर इराला घोरपड दाखवत होता. टीचर माया वही घेऊन त्याच्याकडे गेल्या. ऊन लागून फळ्या तापलेल्या होत्या. त्यांनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. तेविताने त्यात बोट बुडवलं, वहीकडे पाहिलं आणि फळीवर तीन रेघा ओढल्या. मधली लांब. मग पुढच्या फळीवर. मग पुढच्या. इराही बोट बुडवून त्याच्या बाजूने काढायला लागली. आमची बस सुटायची वेळ झाली होती. मेले कठड्याला टेकून पक्ष्यांकडे बघत होती. मी टीचर मायांना हाक मारली. त्यांना ऐकू आलं नाही. त्या कमरेत वाकून, ओंजळ सांभाळत, पुलावरून मागे मागे सरकत होत्या, आणि दोन मुलं पाण्याची पावलं उमटवत त्यांच्यामागून येत होती. सुरुवातीची उन्हात वाळून गेली होती.